सवलत नको, उतारा द्या

महाराष्ट्रातल्या शहरी घरमालकाने घरपट्टीबद्दल काही मागायचं म्हटलं, तर तो फक्त सवलत मागतो. स्वतः राहतो म्हणून चाळीस टक्के सवलत, घर पाचशे चौरस फुटांच्या आत म्हणून माफी, बांधकाम बेकायदा निघालं तर शास्तीकराची माफी, थकबाकी साठली तर दंडावर अभय योजना, आणि यातलं काहीच लागू नसेल तर लवकर भरल्याबद्दल सूट. निवडणूक जवळ आली की हे सगळं फ्लेक्सवर येतं. शेजारी नेत्यांचे हात जोडलेले फोटो असतात आणि खाली 'करमुक्ती'सारखा एखादा शब्द. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फ्लेक्स फिरतात तेव्हा अंगठे आणि नमस्कार यांचा पाऊस पडतो.

माझा या फ्लेक्सवर राग आहे आणि अंगठ्यांवरही आहे. कर कमी झाल्याचं मला दुःख नाही. पण सवलत मागणारा माणूस आकारणी बरोबर आहे असं गृहीत धरूनच मागतो. आकडा कुठून आला हे तो विचारत नाही, आकडा थोडा खाली करा म्हणतो. आणि ज्यांनी आकडा काढला त्यांना हेच हवं असतं.

'घरपट्टी' हा जुना शब्द आहे, पेशवाईच्या कागदांतही भेटतो. आज मोठ्या शहरांच्या कागदोपत्री तिला 'मालमत्ता कर' किंवा 'मिळकतकर' म्हणतात. शब्द बदलला, पण वसूल करणाऱ्याने आकडा सांगायचा आणि देणाऱ्याने गयावया करायची, ही रीत काही बदललेली नाही.

आधी हिशोब कसा होतो ते थोडक्यात. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांना लागू असलेला कायदा १९४९चा आहे. त्यात आकारणीचा मूळ विचार असा, की हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्तपणे किती भाडं येईल ते ठरवायचं, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, आणि उरेल ती 'वार्षिक करपात्र रक्कम'. तिच्यावर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, रस्ताकर, शिक्षणकर अशी माळ लागते. (वृक्षकर आम्ही नियमित भरतो, झाडं मात्र रस्तारुंदीत जातात. असो.) म्हणजे सगळा खेळ पहिल्या पायरीवर आहे. रास्त भाडं किती? ते कुणी ठरवलं? कोणत्या भागासाठी, कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकारच्या बांधकामासाठी? माझ्या घराचं क्षेत्रफळ किती धरलं? इतक्या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर उरलेला गुणाकार चौथीतलं पोरही करेल. बिलावर नेमकी हीच उत्तरं नसतात. तिथे करपात्र रक्कम थेट छापून येते, एखाद्या साक्षात्कारासारखी.

पुण्याची चाळीस टक्क्यांची गोष्ट या दृष्टीने बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात सगळे रोग एकत्र सापडतात. स्वतः राहणाऱ्या घरमालकाला प्रत्यक्षात भाडं मिळत नाही, म्हणून काल्पनिक भाड्यात चाळीस टक्के सूट द्यावी, असा ठराव महापालिकेने १९७० साली केला. विचार वाईट नव्हता. शिवाय दुरुस्तीपोटी कायद्यातल्या दहाऐवजी पंधरा टक्के वजावट दिली जात होती. जवळजवळ पन्नास वर्षं हे चाललं. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की याला कायद्यात आधार नाही, आणि २०१९ साली शासनाने सवलत काढून घेतली. नव्याने नोंद झालेल्या फ्लॅटना पूर्ण दराने बिलं आली. ज्यांनी कर्ज काढून नुकताच पहिला फ्लॅट घेतला होता तेच यात सापडले. चाळीस टक्के सवलत गेली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी वाढलं असं आपण बोलतो, तेही चूक आहे. साठाचे शंभर झाले, म्हणजे वाढ सुमारे सदुसष्ट टक्क्यांची. त्याच इमारतीतल्या, त्याच मजल्यावरच्या दोन घरांना केवळ नोंदणीच्या तारखेमुळे वेगळी बिलं येऊ शकत होती.

पुढे आंदोलनं झाली, विधानसभेत आवाज उठला, एक पोटनिवडणूकही झाली, आणि एप्रिल २०२३मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग 'पीटी-३' नावाचा अर्ज आला. आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी लोक मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पत्र यांच्या प्रती घेऊन रांगेत उभे राहिले. मुदत आली, वाढली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या किती अर्ज आले, किती मंजूर झाले याच्या. या सगळ्या गदारोळात मूळ प्रश्न कुणी विचारला? १९७० साली एका ठरावाने आलेली आणि २०१९ साली एका पत्राने गेलेली सवलत २०२३ साली एका बैठकीने परत आली. ती चौथ्यांदा कशाने जाईल? आणि ज्या काल्पनिक भाड्यातून चाळीस टक्के वजा होतात ते भाडं बरोबर आहे हे कुणी तपासलं?

ते भाडं बरोबर नाही, हे डोळ्यांना दिसतं. आकारणी एकदा झाली की तो दर घराला चिकटून राहतो. शहराच्या मध्यावर जुन्या दराने आकारणी झालेला बंगला आणि गेल्या काही वर्षांत हद्दीत आलेल्या गावातला दोन खोल्यांचा नवा फ्लॅट यांची बिलं शेजारी ठेवली, तर चौरस फुटाला कुणाला जास्त पडतं हे बघून हसू येतं. बंगल्यापुढे फूटपाथ आहे, नळाला पाणी आहे, झाडांची सावली आहे. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं आली. त्यातल्या कितीतरी ठिकाणी माणसं महापालिकेची पट्टी भरून वर सोसायटीच्या टँकरचे पैसे भरतात. 'आम्ही कर भरतो' असं फुशारकीने सांगणाऱ्या मध्यवस्तीतल्या सुखवस्तू नागरिकाने आधी आपण चौरस फुटाला किती भरतो आणि टँकरवाला किती भरतो हे बघावं. पण बघणार कसा? त्याला टँकरवाल्याचा दर दिसत नाही, टँकरवाल्याला त्याचा दिसत नाही.

या विषमतेला कायद्याचाही हातभार आहे. भाडेनियंत्रण असलेल्या घराचं करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या पलीकडे नेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात सांगितलं. भाडं गोठलेलं, म्हणून करही गोठला. त्यातून बाहेर पडण्यासाठी पाटण्याने १९९३ साली भाड्याचा नाद सोडला आणि क्षेत्रफळ, रस्ता, बांधकाम, वापर यांवर आधारलेली सरळ पद्धत आणली. दिल्लीने २००४ साली, बंगळुरूने २००८ साली तोच रस्ता धरला. त्या पद्धतीतही खोट आहे, लोक तिथेही क्षेत्रफळ चोरतात. पण एक गोष्ट तिथे घडली. नागरिकाला आपला कर स्वतः मोजता येऊ लागला.

मुंबईने तिसरा रस्ता धरला. १ एप्रिल २०१०पासून भांडवली मूल्यावर कर. म्हणजे रेडी रेकनरचा दर धरायचा, त्याला बांधकामाचा प्रकार, वय, वापर यांचे गुणक लावायचे. कागदावर ही पद्धत सगळ्यांत पारदर्शक, कारण रेडी रेकनर छापील असतो. पण नियम करताना पालिकेने मोकळ्या जमिनीवर पुढे कधीतरी किती बांधकाम होऊ शकेल याचाही हिशोब मूल्यात धरला. जे बांधलेलंच नाही त्याचा कर. उच्च न्यायालयाने २०१९ साली हे नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे बारा वर्षं बिलं निघत होती, लोक भरत होते, काही निषेध नोंदवून भरत होते. त्या बारा वर्षांत मुंबईकर मध्यमवर्गाने कोणती मोठी मागणी केली? पाचशे चौरस फुटांच्या माफीची. ती २०१९ साली अर्धवट मिळाली, म्हणजे फक्त सर्वसाधारण कर माफ झाला आणि बाकीची माळ तशीच राहिली. २०२२च्या जानेवारीपासून ती पूर्ण मिळाली. आता दक्षिण मुंबईतलं पाचशे फुटांचं, कोट्यवधींचं घर करमुक्त आणि दहिसरचं सव्वापाचशे फुटांचं घर करपात्र. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. एक फूट इकडे की शून्य, एक फूट तिकडे की पूर्ण बिल. असा नियम मी कामावर कोडमध्ये लिहिला असता तर रिव्ह्यूमध्येच परत आला असता.

कोडचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझं रोजचं काम बिलिंग सॉफ्टवेअरचं आहे. मोबाइलच्या बिलात ग्राहकाला सतरा रुपये जास्त लागले तर ते का लागले, हे शोधून देणं म्हणजे माझी नोकरी. कोणता दर, कोणत्या तारखेपासून, कुणी बदलला, कुणी मंजूर केला, याची प्रत्येक पायरी नोंदलेली असते. नोंद नसेल तर आमची पहाट होते. त्यामुळे महापालिकांच्या 'डिजिटल' कारभाराचं कौतुक ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. पोर्टलवर काय आहे? पैसे भरायचं बटण. क्यूआर कोड. पावती डाउनलोड करा. पैसे घेण्याचा भाग एकविसाव्या शतकात आला आणि पैसे का घेतले हे सांगण्याचा भाग कपाटातल्या फायलीत राहिला. अनेक पोर्टलवर मिळकत क्रमांक टाकला की कुणाचीही थकबाकी दिसते. माझ्यावर किती बाकी आहे हे जगाला दिसलेलं चालतं, ती कशी काढली हे मला दिसलेलं चालत नाही.

गंमत अशी की हे आपल्याकडे नवं नाही. सातबारा आठवून बघा. त्यावर प्रत्येक नोंदीशेजारी गोलात एक आकडा असतो, फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाने फेरफार नोंदवही उघडली की वारसाने नाव लागलं, की खरेदीने, की बोजा चढला, कोणत्या तारखेला आणि कुणी मंजूर केलं, हे सगळं सापडतं. आम्ही प्रोग्रामर लोक 'गिट' नावाच्या साधनाच्या आरत्या ओवाळतो, कारण कोडमधली प्रत्येक ओळ कुणी, कधी, का बदलली हे त्यात राहतं. तलाठ्याच्या दप्तरात हीच कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. तलाठ्याच्या कारभाराबद्दल माझ्या मनात काही भाबडेपणा नाही. फेरफार अडवून ठेवण्याची कला महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण अडवून ठेवायला तरी फेरफार लागतो. घरपट्टीत तोही नाही. गेल्या वर्षी क्षेत्रफळ सहाशे होतं, यंदा सातशे चाळीस झालं. मधलं एकशेचाळीस कुठून आलं याला क्रमांक नाही.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'सुनावणी' या शब्दाचा अर्थ तिच्याशिवाय कळणार नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे, नगरपालिका आहे, आणि चतुर्वार्षिक आकारणीचं वर्ष होतं. खाजगी एजन्सीची दोन पोरं टॅब आणि लेझरचं यंत्र घेऊन आली, भिंतींना लाल ठिपके लावून गेली. आई त्यांना पाणी देईपर्यंत त्यांचं काम झालंही होतं. चार महिन्यांनी नोटीस आली. जुनी पट्टी दोन हजारांच्या आसपास, नवी साडेनऊ हजार. मी क्षेत्रफळ मोजून बघितलं तर मागची पत्र्याची पडवी, जिथे स्कूटर आणि सरपण असतं, ती पक्क्या बांधकामात धरलेली आणि जिन्यावरची टोपी ही एक खोली धरलेली. मी बाबांना सगळं लिहून दिलं, नकाशा काढून दिला. बाबा तो घेऊन सुनावणीला गेले.

नगरपालिकेच्या सभागृहात दीडदोनशे माणसं होती. साहेब टेबलाशी, समोर कॅल्क्युलेटर. बाबांनी नकाशा पुढे केला. साहेबांनी तो बघितला नाही. म्हणाले, "काका, किती करायचं बोला." बाबा गोंधळले. म्हणाले, पडवी पत्र्याची आहे. साहेब म्हणाले, "पाच हजार दोनशे करतो. पुढे या." मागच्या माणसाने हसून बाबांच्या पाठीवर थाप मारली, की चांगलं कमी झालं तुमचं. बाबा खुशीत घरी आले. साडेनऊचे सव्वापाच झाले होते, त्यांच्या दृष्टीने लढाई जिंकली होती. मी आदेशाची प्रत मागवली. त्यात एक ओळ होती, 'सुनावणीअंती कर कमी करण्यात आला'. पडवीचं काय झालं, जिन्याच्या टोपीचं काय झालं, काही नाही. नोंदीत ती खोली आजही आहे. चार वर्षांनी तीच धरून पुढचा आकडा निघेल.

शेजारी एक काकू राहतात. काका गेल्यापासून एकट्याच. घर आमच्याएवढंच, पडवीसुद्धा नाही. त्या सुनावणीला गेल्या नाहीत, कारण सभागृहात दोनशे पुरुषांच्या रांगेत उभं राहून साहेबाशी काय बोलायचं हे त्यांना कळेना. त्यांची नोटिशीतली रक्कम जशीच्या तशी कायम झाली. आमच्या घरापेक्षा लहान घरावर आमच्यापेक्षा जास्त पट्टी. कुणी लाच घेतली नाही, कुणी कायदा मोडला असं दाखवता येणार नाही. भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्याला वांगी स्वस्त मिळतात आणि न करणाऱ्याला महाग, इतकंच झालं. पण भाजीवालीकडे मी दुसऱ्या गाड्यावर जाऊ शकतो.

म्हणून मला सवलतींचा राग येतो. चाळीस टक्के असोत, पाचशे फूट असोत की साहेबांचे 'सव्वापाच करतो' असोत, हे सगळं एकाच जातीचं आहे. वरून मिळालेली कृपा. ज्याचा आवाज मोठा, ज्याचा मतदारसंघ निर्णायक, ज्याच्या ओळखीचा नगरसेवक, त्याला ती मिळते. पिंपरी-चिंचवडमध्ये बेकायदा बांधकामांवर दुप्पट कराइतकी शास्ती बसली, वर्षानुवर्षं साठली आणि २०२३ साली माफ झाली. तिथल्या गरीब गुंठेवारीवाल्यांसाठी मला आनंदच झाला. पण ज्याने घाबरून, दागिने गहाण ठेवून शास्ती वेळेवर भरली होती, तो मात्र मूर्ख ठरला.

थकबाकीचंही तेच. कर थकला की महिन्याला दोन टक्के दंड चढतो, वर्षाला चोवीस. पाच वर्षांत दंड मुद्दलाच्या पुढे जातो. कुठलीही बँक घरावर या दराने कर्ज देत नाही. इतका दंड भरणं अशक्य होतं, मग अभय योजना येते आणि दंडाचा मोठा हिस्सा सोडला जातो. थकवणाऱ्याला अभय. आणि ज्याला थकवायचं नाही, फक्त आकारणी चुकली आहे असं म्हणायचं आहे, त्याचं काय? १९४९च्या कायद्याचं कलम ४०६ त्याच्यासाठी आहे. न्यायाधीशाकडे अपील करता येतं, मुदत पंधरा दिवस, आणि मागणी केलेली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केल्याशिवाय अपील ऐकलं जात नाही. आधी पैसे ठेव, मग बोल. म्हणजे गप्प बसून थकवणारा फायद्यात आणि हिशोब विचारणारा खिसा रिकामा करून रांगेत. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करेल ते वेगळं सांगायला नको.

आता मला माझ्याच बाजूचे लोक म्हणतील की तू कर वाढवायला निघालास. हो, काहींचा वाढेल. २०१६-१७च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढला होता, की बंगळुरू आणि जयपूर ही शहरं मालमत्ता कराच्या क्षमतेच्या पाच ते वीस टक्केच कर गोळा करतात. आपली शहरं फार वेगळी असतील असं मला वाटत नाही. जकात गेली, एलबीटी आला आणि गेला, जीएसटी आला. महापालिकेकडे स्वतःचं म्हणावं असं जे उत्पन्न उरलं, त्यात घरपट्टी मोठी. ती नीट गोळा झाली नाही तर शहर दर वर्षी मुंबईकडे आणि दिल्लीकडे हात पसरत राहणार. मला त्याची लाज वाटते. आम्ही आयटीवाले खड्ड्यांचे फोटो टाकून बंगळुरू-पुण्याला शिव्या देतो, आणि फ्लॅट घेताना बाल्कनी आत घेऊन ती नोंदीत येऊ नये म्हणून धडपडतो. हे दोन्ही एकाच आठवड्यात करणारे लोक मला व्यक्तिशः माहीत आहेत.

माझी मागणी कर कमी करा अशी नाही. माझ्या घराचा, शेजाऱ्याच्या घराचा आणि आमदाराच्या घराचा आकारणीचा उतारा मला दाखवा, एवढीच आहे. क्षेत्रफळ, दर, दराचं वर्ष, बांधकामाचा प्रकार, वापर, दिलेल्या वजावटी, शेवटचा बदल कुणाच्या सहीने आणि का. एका घराला एक ओळ पुरते.

यावर लगेच खाजगीपणाचा मुद्दा येतो. आमच्या घराचा तपशील लोकांना का दाखवायचा? अहो, तुमच्या शेतीचा सातबारा कुणीही घरबसल्या बघू शकतो. तुम्ही फ्लॅट कितीला घेतला ते नोंदणी विभागाच्या शोधात इंडेक्स-टू काढून कुणालाही वाचता येतं. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची आकारणी यादी, आणि कुणाचं घर किती खणांचं हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. जमीन उघडी, किंमत उघडी, थकबाकी उघडी. झाकलेली आहे ती फक्त एक गोष्ट, कर काढताना धरलेला दर. यात घरमालकाचा खाजगीपणा कुठे जपला गेला? जपलं गेलं ते साहेबांचं कॅल्क्युलेटर.

आणि हे मी नवं काही मागतो आहे असंही नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्यात आकारणीचं पुस्तक ठेवायला सांगितलं आहे, ते तयार झाल्यावर जाहीर नोटीस द्यायला सांगितली आहे, आणि पुढे तरतूद आहे की घराच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आपल्या घरापुरता भाग फुकट बघता येईल, उतरवून घेता येईल. ज्याचा त्या घराशी संबंध नाही अशा माणसालाही ठरलेली फी भरून ते बघता येईल. १९४९च्या कायद्याच्या करआकारणीच्या नियमांतही हीच व्यवस्था आली. म्हणजे शेजाऱ्याच्या घराची आकारणी बघण्याचा हक्क राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून कागदावर आहे. त्या काळी त्यासाठी कचेरीत जाऊन जाडजूड बाड उघडावं लागे. आज बाड डेटाबेसमध्ये आहे, तो उघडायला एक क्वेरी लागते, आणि आज ते बघणं जास्त अवघड झालं आहे.

माझ्या अंदाजाने याचं कारण तांत्रिक नाहीच. असा उतारा लोकांसमोर टाकायला जे सॉफ्टवेअर लागतं ते दोन पोरं तीन महिन्यांत करतील. पैसे भरायचं पोर्टल त्याहून अवघड होतं आणि ते झालं. कारण असं की उतारा उघडा झाला की सवलतीचं राजकारण संपतं. एका गल्लीतल्या दहा घरांचे दर शेजारी शेजारी दिसले की कुणाला कुणी आणि किती उपकृत केलं ते दिसतं. मॉलची आकारणी कोणत्या क्षेत्रफळावर झाली ते दिसतं. मंगल कार्यालय निवासी दराने पट्टी भरतं हे दिसतं. २०२२च्या मार्चनंतर पुण्या-मुंबईत काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. कराबद्दल विचारायला सभागृह नव्हतं. निदान तेव्हा तरी वही उघडायला हरकत नव्हती. तीही उघडली नाही.

शेवटचा आक्षेप मला आमच्याच सोसायटीच्या सेक्रेटरींनी घेतला. ते भले गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "अहो, असं सगळं उघडं केलंत तर शेजारीशेजारी भांडणं लागतील. हा म्हणेल त्याला कमी का, तो म्हणेल मला जास्त का." मी म्हटलं, लागू देत की. गेल्या सभेत आपण पार्किंगच्या सहा इंचांवरून अडीच तास भांडलो, टेप आणून मोजलं, खडूने रेघ मारली आणि आता ती रेघ दोघेही पाळतात. ते म्हणाले, ते वेगळं. वेगळं कसं, हे काही त्यांना सांगता आलं नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी एक विषय दिला आहे. सगळ्या फ्लॅटधारकांनी आपापली बिलं आणायची आणि करपात्र रक्कम भागिले क्षेत्रफळ असा एक तक्ता करायचा. एकूण अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत, सगळे एकाच नकाशाचे. बिलं द्यायला आतापर्यंत एकवीस जण तयार झाले आहेत. एकवीस बिलांत सहा वेगवेगळे दर निघाले आहेत.